चौथा स्कॅन: मूतखड्याच्या एका रुग्णाची कमी डोसची सीटी तपासणी

पहाटे साडेचारला आपत्कालीन विभागात आलेला हा रुग्ण ३४ वर्षांचा. उजव्या कुशीत दोन तासांपासून कळा येत होत्या, कळ जांघेपर्यंत उतरत होती आणि दोनदा उलटी झाली होती. त्याला पलंगावर स्वस्थ बसवत नव्हतं. मूतखड्याची कळ ओळखायची ही जुनी आणि भरवशाची खूण आहे. पोटात आतून सूज आलेला माणूस अंग हलवू देत नाही, खड्याचा माणूस मात्र एका कुशीवर टिकत नाही. ताप नव्हता. लघवीत लाल पेशी भरपूर होत्या, पू नव्हता. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.०. उंची १७२ सेंटीमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २३. हा शेवटचा आकडा पुढे फार उपयोगी पडणार होता.

किडनीचं काम ठीक आहे हे पाहून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं आणि पाऊण तासात कळ निम्म्यावर आली. मग त्याने पलंगाखालची पिशवी वर घेतली. हा त्याचा तिसरा झटका होता आणि आधीच्या दोन झटक्यांचे सगळे कागद त्याने जपून ठेवले होते. त्यात तीन सीटी स्कॅन होते: एक सात वर्षांपूर्वीचा आणि दोन चार वर्षांपूर्वीचे, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने केलेले.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. जुना स्कॅन हातात आला की माझी नजर आधी चित्रांकडे जाते. त्या दिवशी मी मुद्दाम शेवटचं पान आधी उघडलं. आजची बहुतेक यंत्रं तपासणी संपली की एक तक्ता तयार करतात. त्यात डीएलपी नावाचा आकडा असतो: किरणांची तीव्रता गुणिले शरीराच्या जेवढ्या लांबीवर ते सोडले ती लांबी. पोट आणि ओटीपोटासाठी या आकड्याला ०.०१५ ने गुणलं की शरीराला मिळालेल्या किरणांचा अंदाजे डोस मिलिसिव्हर्ट या मापात कळतो. सात वर्षांपूर्वीचा स्कॅन ७१२, म्हणजे साधारण १०.७ मिलिसिव्हर्ट. चार वर्षांपूर्वीचा पहिला ७९५, म्हणजे जवळपास १२. त्यानंतर नवव्या दिवशी, खडा पडला की नाही हे पाहायला केलेला स्कॅन १,५८०, म्हणजे सुमारे २३.७. तो आधी साधा आणि मग शिरेतून औषध देऊन असा दोनदा घेतला होता. तिन्हींची बेरीज ४६ मिलिसिव्हर्टच्या आसपास जाते. तुलनेसाठी सांगते, निसर्गातून माणसाला वर्षाला मिळणारा किरणोत्सर्ग जगभराच्या सरासरीने २.४ ते ३ मिलिसिव्हर्टच्या दरम्यान आहे.

नवव्या दिवसाच्या त्या स्कॅनबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. खडा कुठे आहे हे आधीच्या स्कॅनने दाखवलेलं होतं. तो पडला का हे सोनोग्राफीने पाहता आलं असतं, आणि शिरेतून औषध देण्याचं कारण तर कागदावर कुठेच नव्हतं. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं मला वाटत नाही. यंत्रावर 'पोट' नावाचं एक बटण असतं आणि गर्दीच्या वेळी तेच दाबलं जातं. अमेरिकेत २०११ ते २०१३ या काळात ९३ संस्थांमधल्या जवळजवळ ५० हजार मूतखड्याच्या सीटी तपासण्यांचे डोस गोळा केले गेले. सरासरी डीएलपी ७४६ निघाला. २०० किंवा त्याहून कमी डीएलपीवर झालेल्या तपासण्या होत्या फक्त २ टक्के. कमी डोस पुरतो हे तोवर अनेक वर्षं माहीत होतं, तरी बटण बदललं नव्हतं.

"डॉक्टर, आता चौथा करणार ना? एवढे स्कॅन झालेत, मला पुढे काही होईल का?"

या प्रश्नाला "काही होत नाही हो" असं उत्तर देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि हिशोब सांगितला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००६ साली मांडलेला अंदाज असा: शंभर माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट मिळाले, तर त्यांच्यातल्या साधारण एकाला आयुष्यात कधीतरी त्या किरणांमुळे कॅन्सर होईल, आणि त्याच शंभरातल्या सुमारे ४२ जणांना इतर कारणांनी होईल. या हिशोबाने त्याच्या ४६ मिलिसिव्हर्टचा वाटा दोनशेत एक एवढा येतो. हाही अंदाजच, कारण १०० मिलिसिव्हर्टच्या खालचा धोका थेट मोजणं फार कठीण आहे. वरच्या डोसवर दिसलेली रेघ सरळ खाली ओढून तो काढतात. शिवाय मिलिसिव्हर्ट हे माप लोकसमूहासाठी आहे, एका माणसाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती, कारण ती डॉक्टरांच्याही बोलण्यात उलटी होते. आधी तीन स्कॅन झाले म्हणून चौथा जास्त घातक ठरत नाही. वरच्या हिशोबात प्रत्येक स्कॅनचा धोका आपापला असतो, आणि आज गरज असेल तर जुन्या बेरजेकडे बोट दाखवून स्कॅन नाकारणं चूक ठरेल. ती बेरीज दुसरंच काही सांगते. खडे होणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतात, आणि हा तर तिसऱ्यांदा आला होता, तोही चौतिशीत. म्हणजे पाचवा, सहावा, सातवा स्कॅन लागण्याची शक्यता खरी आहे. आज आपण जी पद्धत लावू, तीच पुढे पुन्हा पुन्हा लागू होईल.

स्कॅन हवाच होता का

आधी सोनोग्राफी केली. उजव्या किडनीत मध्यम सूज होती, मूत्रवाहिनीचा वरचा भाग फुगलेला होता, खडा मात्र दिसला नाही. हे नेहमीचंच आहे. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांच्या वायूखाली दडतो. मूत्रवाहिनीतल्या खड्यांपैकी जेमतेम ४५ टक्के सोनोग्राफी पकडते. पण किडनी अडली आहे की नाही हे ती चांगलं सांगते, तेही किरणांशिवाय.

२०१४ साली अमेरिकेतल्या १५ आपत्कालीन विभागांमध्ये खड्याचा संशय असलेल्या २,७५९ रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींची सुरुवात सोनोग्राफीने केली, काहींची सीटीने. गंभीर आजार निसटून गुंतागुंत होण्याचं प्रमाण सगळ्या गटांत कमी होतं आणि त्यात फरक दिसला नाही. किरणांचा एकूण डोस मात्र सोनोग्राफीच्या गटात कमी राहिला. म्हणून सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. पहिलाच झटका, तरुण माणूस, ताप नाही, वेदना आटोक्यात, दोन्ही किडन्या चालू, अशा रुग्णाला मी सोनोग्राफीवर थांबून काही दिवस वाट पाहायचा सल्ला देते.

इथे थांबता आलं नाही, त्याची दोन कारणं. चार वर्षांपूर्वी त्याचा खडा अडकून राहिला होता आणि दुर्बिणीने काढावा लागला होता. दुसरं म्हणजे तासाभराने कळ पुन्हा जोरात आली. युरोलॉजिस्टला ठरवायचं होतं की घरी पाठवून वाट पाहायची की हस्तक्षेपाची तयारी ठेवायची. त्यांनी पाठवलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: सीटी केयूबी, म्हणजे किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाची सीटी. मी फोन केला.

"नेमकं काय हवंय तुम्हाला?"

"खडा कुठे आहे, केवढा आहे, आणि आपोआप पडेल का."

"अपेंडिक्स, आतडं, दुसरी काही शंका?"

"नाही. पोट मऊ आहे, ताप नाही. प्रश्न खड्याचाच आहे."

हा दीड मिनिटाचा फोन पूर्ण डोसचा स्कॅन टाळायला पुरतो. शंका अपेंडिक्सची असती, रुग्ण साठीचा असता आणि महाधमनीच्या फुगवट्याचा विचार करावा लागला असता, तर मी वेगळा स्कॅन केला असता. बीएमआय ३० च्या वर असता तरीही. जाड शरीरात कमी किरण पलीकडे पोहोचतच नाहीत, चित्रात रेघोट्या उठतात आणि तपासणी पुन्हा करावी लागते. अशा माणसाला सरसकट कमी डोस देणं म्हणजे त्याचे किरण वाया घालवणं.

गोंगाटात दिसणारा खडा

सीटीत प्रत्येक ठिकाणची घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये मोजतात. पाणी शून्य, हवा उणे १,०००. किडनी, यकृत, स्नायू हे सगळे ३० ते ६० च्या दरम्यान, एकमेकांना अगदी खेटून. खडा मात्र त्यांच्यापेक्षा शेकडो युनिटने वर, कधी १,५०० पर्यंतही असतो.

किरण कमी केले की चित्रात कण उठतात, जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तसे. आम्ही त्याला नॉइज म्हणतो. डोस चौथाईवर आणला की नॉइज दुप्पट होतो. समजा पूर्ण डोसच्या चित्रात नॉइज १२ युनिटचा आहे आणि कमी डोसमध्ये तो २८ झाला. यकृतातली गाठ आजूबाजूपेक्षा २० युनिटनेच वेगळी असेल, तर ती या २८ च्या गोंगाटात बुडून जाईल. खडा आजूबाजूपेक्षा चारशे युनिटने वेगळा आहे. त्याला २८ चा गोंगाट काय झाकणार? एकाच यंत्रावर, एकाच माणसात, एका प्रश्नासाठी अपुरा असलेला डोस दुसऱ्या प्रश्नासाठी भरपूर असतो, तो यामुळे. कमी डोसच्या तपासणीवरचा माझा सगळा विश्वास या साध्या वजाबाकीवर उभा आहे.

मर्यादाही याच हिशोबातून निघते. चित्र ज्या बारीक चौकोनांचं बनतं, त्यातल्या एका चौकोनापेक्षाही खडा लहान असला की तो चौकोन पूर्ण भरत नाही, त्याची घनता शेजारच्या मऊ भागात वाटली जाते आणि वजाबाकी लहान होते. बीएमआय ३० च्या आतल्या रुग्णांवरच्या २००७ च्या एका अभ्यासात मूत्रवाहिनीतले ३ मिलिमीटरपेक्षा मोठे खडे कमी डोसवर सगळे सापडले, त्याहून लहान ८६ टक्के सापडले. निसटणारे ते लहान खडे बहुतेक वेळा स्वतःहून पडणारे असतात, म्हणून हा सौदा मला मान्य आहे.

यंत्रावर आम्ही काय बदललं ते थोडक्यात. ट्यूबचा व्होल्टेज १२० वरून १०० किलोव्होल्टवर आणला आणि प्रवाह बराच खाली घेतला. शरीराच्या जाडीप्रमाणे प्रवाह आपोआप कमीजास्त करणारी सोय चालू ठेवली. किडनीच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंतच स्कॅन घेतला. त्याच्या जुन्या तिन्ही स्कॅनमध्ये छातीचा तळ आणि मांड्यांचा भागही आला होता. या जास्तीच्या लांबीचे किरण थेट डीएलपीत जमा होतात आणि खड्याबद्दल काहीच सांगत नाहीत. त्याला पालथं झोपवलं, कारण खडा मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलाय की आत पडलाय हे पालथं झोपल्यावर कळतं. पडलेला असेल तर तो पुढे घरंगळतो. चित्रं इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनने बनवली. या पद्धतीत संगणक पुन्हा पुन्हा हिशोब करून नॉइजचा बराच भाग कमी करतो.

डीएलपी १४६. सुमारे २.२ मिलिसिव्हर्ट. त्याच्या आधीच्या साध्या स्कॅनच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा.

दोन ठिपके

उजव्या बाजूला ओटीपोटात दोन पांढरे ठिपके होते. वरचा ६ मिलिमीटरचा. खालचा ५ मिलिमीटरचा, दीड सेंटीमीटर खाली आणि किंचित बाहेरच्या अंगाला. किडनी सुजलेली होती, मूत्रवाहिनी वरपासून फुगलेली होती, पण ओटीपोटात उतरल्यावर ती मला नीट धरता येईना.

प्रश्न खरा होता. ओटीपोटातल्या शिरांमध्ये कॅल्शियमचे छोटे गोळे तयार होतात, त्यांना फ्लेबोलिथ म्हणतात. ते निरुपद्रवी असतात आणि खड्यासारखेच दिसतात. मूत्रवाहिनीतल्या खड्याभोवती तिच्या सुजलेल्या भिंतीचं मऊ कडं दिसतं. फ्लेबोलिथला बऱ्याचदा शेपटी असते, म्हणजे तो ज्या शिरेत आहे तिचा निमुळता दोर. ही दोन्ही चिन्हं मऊ भागातली आहेत, आणि मऊ भागाची स्पष्टताच तर आपण कमी डोससाठी सोडून दिलेली असते. त्यात माणूस सडपातळ. चरबी हा पोटातला नैसर्गिक मोकळा रंग आहे, तिच्या पार्श्वभूमीवर मूत्रवाहिनी उठून दिसते. सडपातळ माणसात किरण सहज पार होतात, पण अवयव एकमेकांना चिकटून असतात.

"मॅडम, खालच्या भागाचा फुल डोसवर परत घेऊ का? अजून टेबलावरच आहेत ते," तंत्रज्ञाने विचारलं.

मोह झाला. तो मोह चुकीचा नव्हता हेही सांगते. दोन खडे एकामागे एक असतील तर आपोआप पडण्याची शक्यता बदलते आणि युरोलॉजिस्टचा निर्णयही बदलतो. मी त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि पिशवीतली चार वर्षांपूर्वीची सीडी यंत्रात घातली.

खालचा ठिपका तिथे होता. तेवढाच, त्याच उंचीवर, हाडापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर. तेव्हा तो उताणा झोपला होता आणि आता पालथा, म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा फरक होता, एवढंच. पूर्ण डोसच्या त्या स्वच्छ चित्रात त्याची शेपटीही दिसत होती आणि मूत्रवाहिनी त्याच्या आतल्या अंगाने वेगळी जात होती. चार वर्षं एका जागी बसून राहिलेला खडा मूत्रवाहिनीत असता तर किडनीचं एव्हाना बहुधा बरंच नुकसान झालं असतं. वरचा ठिपका जुन्या चित्रात नव्हता. तोच खडा.

पुन्हा किरण द्यावे लागले नाहीत. ज्या जुन्या डोसबद्दल मी तासाभरापूर्वी हळहळले होते, त्यातून मिळालेली माहिती आज कामी आली. रुग्णाने सीडी जपली होती म्हणून हे झालं. सीडी टाकून कागदी रिपोर्ट तेवढा ठेवणारे खूप जण भेटतात, आणि 'उजव्या बाजूला फ्लेबोलिथ' हे वाक्य कागदावर बहुधा नसतंच. त्याच्या जुन्या रिपोर्टमध्येही नव्हतं.

आता खड्याची जात. नॉइज कमी दिसावा म्हणून चित्रं ३ मिलिमीटर जाडीची वाचते, घनता मात्र १ मिलिमीटरच्या कापांवर खड्याच्या मधोमध मोजते, म्हणजे कडेचा मऊ भाग त्यात मिसळत नाही. ४६० युनिट आले. स्कॅनच्या आधी आखणीसाठी घेतात त्या साध्या चित्रात, आम्ही ज्याला स्काउट म्हणतो त्यात, खालचा फ्लेबोलिथ दिसत होता, खडा दिसत नव्हता. लघवीचा पीएच ५.५, म्हणजे लघवी आम्लधर्मी. तिन्ही गोष्टी युरिक ॲसिडकडे बोट दाखवत होत्या. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सीटीत दिसतो. म्हणजे पुढे खडा सरकला का हे पाहायला एक्स-रे काढणं व्यर्थ ठरलं असतं. डाव्या किडनीत ४ मिलिमीटरचा आणखी एक खडा होता, शांत पडलेला.

रिपोर्टमध्ये मी नेहमीच्या मजकुराखेरीज चार वाक्यं लिहिली. ही तपासणी कमी डोसवर, खड्याच्या प्रश्नासाठी केली आहे. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांच्याबद्दल तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. उजव्या बाजूचा खालचा ठिपका चार वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्येही होता, तो फ्लेबोलिथ आहे. पुढचा पाठपुरावा भरलेल्या मूत्राशयाच्या सोनोग्राफीने करावा, एक्स-रेत हा खडा दिसणार नाही.

पुढे काय झालं

मूत्रवाहिनीतले ५ ते १० मिलिमीटरचे खडे साधारण निम्म्या रुग्णांत आपोआप पडतात. हा ६ चा होता आणि मूत्राशयापासून फार लांब नव्हता. युरोलॉजिस्टने टॅम्सुलोसिन (मूत्रवाहिनी सैल करणारं औषध) आणि वेदनाशामक देऊन घरी पाठवलं. लघवी गाळणीतून करायला सांगितली. ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी थांबली तर तासभरही न थांबता परत या, हे दोनदा बजावलं. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर ती जिवावर बेतणारी गोष्ट असते. तिथे किरणांचा हिशोब करत बसायचं नसतं, किडनी तातडीने मोकळी करायची असते.

अकराव्या दिवशी खडा पडला. त्याने तो छोट्या डबीत आणला. प्रयोगशाळेचा निकाल आला: युरिक ॲसिड. आधीच्या दोन खड्यांची तपासणी कधी झालीच नव्हती, त्यामुळे सात वर्षं त्याला नेमकं औषध मिळालं नव्हतं. युरिक ॲसिडचे खडे हे असे मोजके खडे आहेत, जे औषधाने विरघळू शकतात. लघवीची आम्लता कमी करणारं पोटॅशियम सायट्रेट सुरू झालं आणि लघवीचा पीएच ६.५ च्या आसपास ठेवायला त्याला घरी मोजपट्ट्या दिल्या.

दोन आठवड्यांनी सोनोग्राफीत उजव्या किडनीची सूज उतरलेली होती. डाव्या किडनीतला खडा त्या पहाटे सोनोग्राफीत सापडला नव्हता, पण सीटीवरून नेमकी जागा कळल्यामुळे आता तो सापडला. तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा पाहिलं, तेव्हा दिसला नाही. विरघळला असावा. सोनोग्राफीत न दिसणं हा पक्का पुरावा नाही, आणि त्याने विचारलंही की एकदा कमी डोसचा स्कॅन करून खात्री करायची का. मी नको म्हटलं. त्रास नाही, औषध चालूच राहणार आहे, आणि स्कॅनमध्ये काहीही आलं तरी उपचार तोच राहणार होता.

त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही एक तक्ता चिकटवला आहे. चार स्कॅनच्या तारखा आणि प्रत्येकाचा डीएलपी. खाली ओटीपोटाची छोटी आकृती, उजव्या बाजूला एक ठिपका आणि त्याच्याशेजारी मोठ्या अक्षरात: 'हा खडा नाही'.